अकरा नंबरचा तक्ता

यमुनाबाईंची नोकरी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला उगाच आशा लागायला नको. माझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्याबद्दल बोलताना 'बदलाच्या शिलेदार' असा शब्द वापरला होता. नारळ, शाल आणि तो शब्द घेऊन मी घरी आले. नारळाच्या वड्या केल्या, शाल नणंदेला दिली. शब्दाचं काय करायचं ते अजून समजलेलं नाही.

आमची कंपनी इंजेक्शनं बनवायची. कांदिवलीला, हायवेच्या अलीकडे कारखाना होता. इंजेक्शनचं औषध ज्या बारीक काचेच्या नळीत सीलबंद असतं, तिला अँप्यूल म्हणतात. नर्स जिची मान मोडून औषध सुईत ओढून घेते, ती. ही नळी धुताना, भरताना, ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करताना आत काहीबाही पडतं. काचेचा कण, कापडाचा धागा, काजळीचा ठिपका. तो शोधायचा आणि ती नळी बाद करायची, हे आमच्या खात्याचं काम. तीस बायका आणि एक खोली. खिडक्यांच्या काचांना काळा रंग लावलेला, म्हणून तिचं नाव काळी खोली. प्रत्येकीसमोर ट्यूबलाइट आणि त्यामागे एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. पांढऱ्यावर काजळी दिसते, काळ्यावर काच आणि धागा. चार अँप्यूल बोटांत धरायच्या, हलकेच उलट्या करायच्या आणि बघायचं. बुडबुडा वर जातो, धागा तरंगतो, काच मात्र एकदा लकाकते आणि झपकन तळाशी बसते. तेवढ्यात पापणी लवली तर काच पुढे जाते, कोणाच्या तरी दंडात.

या कामाने माणसाला खोड लागते. घरी कोणी आलं की मी पाण्याचा ग्लास उजेडाला धरून मगच पुढे करायची. आमच्यातल्या एकीने तर स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींसमोर सरबताचे पाचही ग्लास एकेक करून दिव्याला धरले. ते स्थळ जमलं नाही.

इंटर सायन्स झाल्यावर मी पार्ल्याहून या खोलीत कामाला जायला लागले, तेव्हा माझी खुर्ची यमुनाबाईंच्या शेजारी होती. त्या मनोरीच्या कोळीण. रोज तरीने खाडी ओलांडून मार्व्याला यायच्या, तिथून बस, मग पुन्हा बस. घरात होडी, जाळी, सासू बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि ही बाई कारखान्यात कशी, असं सगळे विचारायचे. "माझी नजर चांगली म्हनून," एवढंच त्या सांगायच्या. नजर होतीच तशी. धागा सुताचा की नायलॉनचा हे त्या अँप्यूल न फोडता सांगायच्या, आणि आम्ही फोडून बघायचो तर तसाच निघायचा.

काळ्या खोलीत एक रीत होती. सहा जणींचं एक टेबल. शंभर अँप्यूलचा ट्रे बघून झाला की तो लगेच पुढे द्यायचा नाही, डावीकडे सरकवायचा. डावीकडची बाई त्याच्यावरून एकदा नजर फिरवायची. तिला आम्ही फेरनजर म्हणायचो. कंपनीच्या कुठल्याही कागदावर ती लिहिलेली नव्हती. बाद झालेल्या अँप्यूल टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या एकाच वाटीत पडायच्या, आणि चिठ्ठीवर नंबर असायचा तो टेबलाचा, बाईचा नाही. कोणाच्या हातून काच सुटली आणि कोणी धरली, हे त्या दोघींनाच माहीत.

मला दुसऱ्या खेपेला दिवस होते तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. चार महिने माझे ट्रे यमुनाबाईंनी स्वतःच्या कामाइतकेच लक्ष देऊन पुन्हा पाहिले. एकदा मी पास केलेल्या एका ट्रेमधून त्यांनी सात काचा काढल्या. सात म्हणजे फार झाल्या. वाटीत टाकल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, आज जेवलीस का गो?" बास. आमच्या समोर बसणारी विमल फक्त हसली.

ही विमल गायकवाड. नगर जिल्ह्यातून लहानपणी आईवडिलांबरोबर बोरिवलीला आलेली, जयंतीला वस्तीत भाषण करणारी, तोंडाने फटकळ. आमचं दोघींचं अगदी अगं-तुगंचं. पुढे मी नोकरी सांभाळून बी.एस्सी. झाले, मला सुपरवायझर केलं, आणि काळ्या खोलीच्या टोकाला माझी काचेची केबिन झाली. विमल युनियनच्या कमिटीवर गेली. यमुनाबाई होत्या तिथेच राहिल्या.

आता मुख्य गोष्ट. गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं होती. उपनगरांतल्या कारखान्यांनाही कुलपं लागायला लागली होती. माझ्या नवऱ्याच्या भांडुपच्या कंपनीला टाळं लागून सात-आठ महिने झाले होते. तो घरी पोळ्या करायला शिकला होता आणि कोणाशी बोलत नव्हता. अशा वेळी आमचे मॅनेजर देसाई साहेब यांनी मला बोलावलं. माणूस सज्जन, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "सुनंदाबाई, वरचे लोक विचारताहेत, बायका ठेवायच्या की तपासणीचं मशीन आणायचं? माझ्याकडे आकडे नाहीत. सहा जणींची एक वाटी. कोण काम करतं, कोण बसून राहतं, काय सांगू त्यांना? तुम्ही त्यांच्यातल्या आहात. हा बदल तुम्ही घडवा. तुमचं ऐकतील."

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. तुम्ही त्यांच्यातल्या आहात आणि तुमचं ऐकतील, ही दोन वाक्यं एका दमात कोणी म्हटली की सावध व्हावं, हे आता कळतं.

टाय लावलेले दोन सल्लागार आले. घड्याळं घेऊन आठवडाभर बायकांच्या मागे उभे राहिले. फेरनजर त्यांच्या लगेच लक्षात आली. "एकच ट्रे दोघी बघतात? म्हणजे अर्धा वेळ फुकट," त्यांच्यातला एक म्हणाला. मी मान डोलावली. त्यात खोटं काही नव्हतं. डावीकडची बघेल या भरवशावर भराभर ट्रे सरकवणाऱ्या दोघी-तिघी होत्याच, आणि मी केबिनमधून त्यांच्यावर धुमसतही होते. पण फेरनजरेने माझं एक बाळंतपण निभावलं होतं, हे मी त्या सल्लागाराला सांगितलं नाही. त्याच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

नवी पद्धत अशी ठरली. टेबलं काढायची. प्रत्येकीला वेगळा खण, मध्ये प्लायवूड. प्रत्येकीचा नंबर. ट्रेवर तिची चिठ्ठी, तीच पुढे खोक्यात, बाद मालाला तिचाच डबा. आणि भिंतीवर प्रत्येकीचा तक्ता, रोज शंभरामागे किती बाद केले त्याची रेघ. फार कमी बाद केले तर नीट बघितलं नाही, फार जास्त केले तर चांगला माल फुकट घालवला. सगळ्यांच्या सरासरीला धरून जाणारी रेघ ती उत्तम रेघ.

कँटीनमध्ये सभा घेऊन मी हे समजावलं. तिथे मी एक वाक्य बोलले. धीर द्यावा म्हणूनच बोलले. "जिची नजर चांगली आहे, तिला घाबरायचं काहीच कारण नाही." मागून विमल म्हणाली, "आणि जिची नसेल तिचं काय?" मी म्हटलं, "तशी आपल्याकडे आहे कोण?" सगळ्या हसल्या. यमुनाबाई तेव्हा कुठे बसल्या होत्या ते मला आठवत नाही.

बायका नव्या खणांत बसेनात. भांडणं नाहीत, घोषणा नाहीत. सकाळी येऊन जुन्या टेबलांपाशीच बसायच्या आणि मी हटकलं की "हो मॅडम" म्हणून तिथेच राहायच्या. मला ठाऊक होतं, यमुनाबाई बसल्या की सगळ्या बसतील. म्हणून एका रविवारी मी तरीने मनोरीला गेले.

अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत होते. यमुनाबाई ओट्यावर विळी घेऊन मांदेली साफ करत होत्या. माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या आणि हात आपोआप चालत होते. मला कौतुक वाटलं. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. मोठे ट्रॉलर आल्यापासून मुलाच्या होडीला मासळी लागत नव्हती, आणि घर चाललं होतं ते यमुनाबाईंच्या नोकरीवर. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. हे सगळं त्यांनीच सांगितलं.

मी माझं म्हणणं मांडलं. मशीनची भीती सांगितली. आकडे चांगले दिसले तर तीस बायकांची भाकरी वाचेल, हे सांगितलं. मी ते मनापासून बोलत होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मंग माझा ट्रे दुसरी कोन बगनार नाय?"

"नाही. तुमचा तुम्हीच. तुम्हाला कशाला दुसरी लागते यमुनाबाई? तुमच्यासारखी नजर आहे का कोणाची?"

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुढचा मासा घेतला. "बरा," म्हणाल्या. "तू बोलतेस तर बसते."

सोमवारी त्या पहिल्या जाऊन अकरा नंबरच्या खणात बसल्या. दुपारपर्यंत खोली भरली. देसाई साहेबांनी माझं अभिनंदन केलं. टेबलं गोदामात गेली.

पुढचे चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात यशाचे. काम वाढलं. बडबड बंद झाली. प्लायवूडच्या पलीकडे बोलणार कोणाशी? भिंतीवरचे तक्ते मी स्वतः रंगीत पेन्सिलींनी भरायची. बहुतेकींच्या रेघा वर-खाली उड्या मारायच्या, कारण काचही लॉटप्रमाणे कमीजास्त येते आणि माणूसही रोज सारखा नसतो. पण अकरा नंबरची रेघ सगळ्यांच्या बरोबर मधून जायची. सल्लागार तिच्यासमोर उभे राहून बघत बसायचे. तो तक्ता मोठा करून घेतला, हेड ऑफिसला नेला. यमुनाबाईंना हार घातला, स्टीलचा डबा दिला. दुसऱ्या बायकांना मी त्या तक्त्याशी उभं करून सांगायची, "बघा, असं काम पाहिजे. या वयात."

एक दिवस विमल केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं.

"सुनंदा, यमुनाबाईला लेबलिंगला टाक."

"का?"

"टाक ना यार. तिथे एक जागा होतेय."

"माझी सगळ्यात चांगली इन्स्पेक्टर मी लेबलं चिकटवायला देऊ? कारण सांग."

"कारण सांगता आलं असतं तर दार लावून कशाला आले असते?"

मला वाटलं, युनियनची खेळी. चांगला तक्ता भिंतीवरून काढला की पद्धतच बदनाम करता येते. मी तसं तोंडावर बोलले. विमलने दाराची कडी काढली. मग म्हणाली, "तू टेबलावर होतीस ना, तेव्हा तुला न सांगता कळायचं गं." आणि गेली. लेबलिंगच्या त्या जागेवर मी दुसरीला पाठवलं.

कारण तिने का सांगितलं नाही, हा प्रश्न मी पुढे तिच्यावर रागाने फेकला होता. उत्तर साधं होतं. मी आता सुपरवायझर होते. मला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं. आणि कँटीनमधलं माझं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

मग तक्रार आली. लांबच्या एका इस्पितळातल्या नर्सने इंजेक्शन भरण्याआधी सहज अँप्यूल उजेडाला धरली आणि आत तिला काच चमकताना दिसली. तिने खोक्यातल्या बाकीच्या बघितल्या. आणखी दोन निघाल्या. आमच्या कारखान्यात धावपळ उडाली. तो माल जिथे जिथे गेला तिथून परत मागवला. जो टोचून झाला होता, तो कसा परत येणार? त्या काचा कोणाकोणाच्या अंगात गेल्या आणि त्यांचं काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कोणी दगावलं असं कानावर आलं नाही, एवढ्यावर आम्ही समाधान मानून घेतलं. मला आजही त्याची झोप उडवणारी भीती वाटते.

खोक्यातल्या चिठ्ठीवर नंबर होता अकरा.

मी म्हटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. शिल्लक ठेवलेल्या मालातले अकरा नंबरचे ट्रे मागवले आणि त्याच नंबरचा बाद मालाचा डबा घेऊन मी स्वतः एका खणात बसले. कितीतरी वर्षांनी बसले होते. पास केलेल्या ट्रेमध्ये काचा होत्या. ढळढळीत. मग डबा उघडला. पहिली अँप्यूल उलटी केली, स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरी, चौथी. सगळा डबा संपवला. बाद केलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्या चोख होत्या.

मग मला यमुनाबाईंची एक सवय आठवली. रोज सकाळी चहाच्या वेळी त्या चार-पाच जणींना विचारायच्या, "आज किती निगतंय गो?" एक म्हणायची तीन, दुसरी पाच, तिसरी चार. मी कितीदा तरी बाजूने जाताना ते ऐकलं होतं. मला वाटायचं, कामाची किती आस्था. त्या परत जाऊन प्रत्येक ट्रेमधून चार अँप्यूल उचलून डब्यात टाकायच्या. कुठल्याही चार. म्हणून ती रेघ सगळ्यांच्या मधून जायची.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दिवा लावला, काच असलेली एक अँप्यूल त्यांच्या हातात दिली. विमल दारात येऊन उभी राहिली, तिला मी जा म्हटलं नाही.

"यमुनाबाई, काय दिसतं?"

त्यांनी अँप्यूल बोटांत धरली, सुरेख उलटी केली, अगदी पहिल्यासारखी. बराच वेळ बघितलं.

"उजेड दिसतंय," त्या म्हणाल्या. "बाकी पानी."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. आधी धुकट. मंग..."

"कंपनीचे डॉक्टर दरवर्षी डोळे तपासतात ना?"

विमल म्हणाली, "तक्ता तोच आहे डॉक्टरकडे, अक्षरं तीच. रांगेत मी घोकून घ्यायची त्यांच्याकडून."

म्हणजे टेबलं होती तोवर, दीडेक वर्ष, हे सगळं टेबल जाणून होतं. यमुनाबाई ट्रे सरकवत होत्या आणि आता त्यांच्या डावीकडे बसणारी विमल त्यांचा अख्खा ट्रे नव्याने बघत होती. काच बाहेर जात नव्हती आणि बाई घरी जात नव्हती. मी टेबलं उचलली.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "अहो, ही औषधं आहेत. माणसांच्या अंगात जातात."

"ठावं हाय मना," यमुनाबाई म्हणाल्या. "रातची झोप नाय लागत. पन सांगून कुठं जानार होते गो? तूच बोललीस ना, जिची नजर चांगली तिला भ्यायचा नाय."

त्या चुकल्या होत्या. हे मी लपवणार नाही. आंधळेपणाने पास केलेली एकेक अँप्यूल म्हणजे गुन्हाच. त्यांनाही ते माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही.

कंपनीने आरोपपत्र दिलं आणि कँटीनमध्येच खात्याची चौकशी भरवली. एका बाजूला चौकशी अधिकारी आणि देसाई साहेब, दुसऱ्या बाजूला यमुनाबाई आणि त्यांच्या वतीने बोलायला विमल. मी कंपनीची साक्षीदार. आदल्या दिवशी देसाई साहेब मला म्हणाले होते, अगदी हळू, "जुन्या पद्धतीचा विषय निघाला तर ती कोणी बंद केली हेही निघेल. तुम्ही घरातल्या एकट्या कमावत्या आहात ना सध्या?" धमकी म्हणावी असा सूरच नव्हता. घरची चौकशी करावी तसं विचारलं.

मी चिठ्ठ्या, ट्रे, डबा, सगळं खरंखरं सांगितलं. मग विमल उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला अहो म्हणाली.

"मॅडम, खणांच्या आधी काळ्या खोलीत फेरनजर होती की नाही? एकीचा ट्रे दुसरी बघायची की नाही?"

"कंपनीच्या नियमात तसं काही नव्हतं."

"नियमात नाही विचारलं. तुम्ही टेबलावर होता. तुमचे ट्रे परत कोण बघायचं?"

एवढंच उत्तर हवं होतं. मी नाव घेतलं असतं तर कागदावर आलं असतं, की अशी रीत होती, तिच्यामुळे काच अडत होती, आणि ती माहीत असूनही कंपनीने ती मोडली. मग दोष एका बाईच्या डोळ्यांचा राहिला नसता. विमल म्हणत होती की लेबलिंगला बदली आणि ताकीद एवढ्यावर निभावेल, आणि मलाही तसंच वाटतं. यमुनाबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलेलं होतं, पण डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते.

मी म्हटलं, "आठवत नाही."

यमुनाबाईंना बडतर्फ केलं. निवृत्तीला दोन वर्षांहून थोडे दिवस अधिक होते.

मशीन आलंच. वर्षभरात आलं. आकडे चांगले असले तरी येणारच होतं, कारण मशीनचे आकडे आणखी चांगले. काळ्या खोलीला कुलूप लागलं. काही बायका पॅकिंगमध्ये गेल्या, बाकीच्या घरी. मला बढती मिळाली आणि ट्रेनिंग खात्यात पाठवलं, नव्या लोकांना संस्थेत बदल कसा घडवावा हे शिकवायला. शिकवण्याच्या सामानात अकरा नंबरचा तक्ता होता. चार महिन्यांची ती सुरेख सरळ रेघ. नाव पुसून मीही तो दोन वर्गांना दाखवला, तिसऱ्या वेळी अर्धा उलगडून थांबले, तेव्हापासून गुंडाळून ठेवला.

विमलने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण खोलीला कुलूप लागल्यावर दोन महिन्यांनी ती कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसली. म्हणाली, "यमुनाबाईचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, दुसरं काही नाही. सरकारी दवाखान्यात आठ दिवस पडून होती. आता दिसतं." चहा न पिताच उठून गेली. म्हणजे कोणीतरी 'मला दिसत नाही' एवढं बोलू शकलं असतं, तर आठ दिवसांची रजा लागली असती.

मी पुढच्या रविवारी मनोरीला गेले. एकच सांगायचं ठरवून गेले होते. मला आठवत होतं. सगळं आठवत होतं, त्या सात काचांसकट. पाया पडून हे सांगायचं आणि त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या.

यमुनाबाई दारातच होत्या. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, काळी फ्रेम, एका काडीला दोरा बांधलेला. मला लांबून बघून त्या उभ्या राहिल्या आणि आत वळून सुनेला म्हणाल्या, "बग, आयली. मी बोलले नव्हते, सुनंदा येईल म्हनून?" मला खाटेवर बसवलं. माझ्याकडे निरखून बघितलं. "किती केस पिकले गो तुझे. मना कोनी सांगितलाच नाय." मग माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सोमवारपासून येऊ ना? आता धागापन दिसतंय मना. तुझ्या सायबाला बोल, एकदा बसवून बगा."

खोली बंद झाल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं; त्यांना वाटलं होतं, मी त्यांना न्यायला आले.

मी सांगितलं. खोली बंद झाली. मशीन आलं. आता तिथे कोणीच बसत नाही.

त्यांनी माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "मंग तू कशाला आयलीस गो?"

रागाने नाही विचारलं. खरंच त्यांना समजत नव्हतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते बाहेर काढायला एवढी खाडी ओलांडून आले होते, आणि मी म्हटलं, "तुमचे डोळे कसे आहेत ते बघायला."

यमुनाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, उजेडाकडे सरकल्या आणि मला नीट दिसावं म्हणून तोंड माझ्यासमोर धरलं.